पत्र्याला फुटलेला घाम

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, ‘तुम्हालाच खाज होती ना!’ अहो, होती काय, आहे. ही बघा, कोपरापासून खांद्यापर्यंत. आणि साधीसुधी नाही, काचेच्या लोकरीची. आंघोळ करून अंग पुसलं, तर टॉवेललाही खाज सुटली. आता काचेची लोकर म्हणजे काय ते सांगतो, पण आधी शेडचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस काचेत लोळायला गेलाच कशाला.

घरामागे आमची पत्र्याची शेड. आत मोडकी सायकल, रंगाचे वाळलेले डबे आणि दोन पायऱ्या गेलेली शिडी. आणि घरात आमची ही. ही पुस्तकं वाचते. मनात नाही, मोठ्याने, माइकसमोर, ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकता यावीत म्हणून. आवाज असा, की विजेचं बिल वाचलं तरी माणूस गहिवरेल. पण घरात शांतता कुठाय? सासूबाईंचा टीव्ही, शेजारचं कुत्रं, समोरचं बांधकाम... शेवटी हिला पुस्तकं वाचायला देणाऱ्या बाईंचा फोन आला. ‘ताई, वाचता सुंदर, पण तिकडे नायिका प्राण सोडतेय आणि मागे मिक्सर फिरतोय. हे एक शेवटचं पुस्तक देते. यातही आवाज आले तर... समजून घ्या.’

हिने फोन ठेवला आणि गप्प. जेवतानाही गप्प. आमच्या घरात चैन म्हणायची तर एक हिचा आवाज, तोच बंद झाला तर मी काय करायचं? मी बोलून गेलो, ‘मागच्या शेडचा स्टुडिओ करून देतो.’

मेव्हणा तिथेच बसला होता. मेव्हणे नेहमी तिथेच बसलेले असतात. म्हणाला, ‘भावजी, आतून अस्तर मारायचं. त्यात काय आहे?’

तुम्हाला सांगतो, ज्याला हातोडी धरायची नसते ना, त्याचं हे वाक्य. हार्डवेअरवालाही तेच, ‘काचेची लोकर भरा, काचेच्या बारीक तंतूंचा कापूसच तो, वर प्लायवूड ठोका. उकाडा बंद, आवाज बंद. त्यात काय आहे?’

भरली. गादीत कापूस कोंबावा तशी पत्र्याला चिकटवून कोंबली, वर प्लायवूड ठोकलं, त्यात एक नख काळंनिळं झालं ते वेगळं. हिला दाखवायला नेलं. हिने एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली, आणि ही हसली हो, कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, जिंकलो.

सकाळी दार उघडतो तर जमिनीवर पाणी. पाऊस नाही, नळ नाही, मग पाणी कुठलं? पत्र्याला घाम फुटला होता! रात्री पत्रा गार, आत दमट हवा, आणि मधल्यामध्ये माझी लोकर, भिजलेल्या मांजरीसारखी. प्लायवूडवर काळे डाग. पत्रा आणि लोकर यांच्यामध्ये हवेला वाट ठेवायची असते म्हणे, आणि आतून प्लॅस्टिक लावायचं असतं. हे कुणी सांगितलं? मेव्हण्याने. कधी? सगळं भिजल्यावर. ‘भावजी, उचकटायचं आणि परत लावायचं. त्यात काय...’ पुढचं मी ऐकलं नाही, माझ्या हातात कटावणी होती.

मग परत सगळं. आधी लाकडी पट्ट्या, मग मोकळी जागा, मग नवी लोकर, मग प्लॅस्टिक, मग प्लायवूड, त्यावर कापड... एकेक थर चढतोय आणि खोली डोळ्यांदेखत आक्रसतेय. कोटाला अस्तर लावावं आणि कोटच अंगात शिरू नये, तसं. टेबल दारातून जाईना. आडवं केलं, पाय काढले, शेवटी राहू दे बाहेर म्हटलं. सासूबाई डोकावून म्हणाल्या, ‘जावईबापू, कपाट झकास झालंय हो.’

आणि पुस्तक द्यायची तारीख तर डोक्यावर. ही आत गेली, दार लावलं. मी बाहेर श्वास धरून उभा. थोड्या वेळात ही बाहेर, चेहरा एवढासा. ‘अहो, माझ्याकडून होत नाहीये.’

‘आवाज येतोय?’

‘काहीच येत नाही. तेच तर. कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. शब्द भिंतीत जिरून जातो.’

इतका जीव तोडून आवाज मारायला गेलो, आणि मेला तो हिचाच! मेव्हणा नव्हता तेवढं बरं. मग ही हळूच म्हणाली, ‘तुम्ही बसाल समोर?’

‘त्यात काय आहे?’ कोण म्हणालं? मीच.

त्यात काय आहे ते आता सांगतो. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. पंखा बंद, कारण पंखा गुणगुणतो. खोकायचं नाही. खाजवायचं तर नाहीच, मनगट खाजवलं तरी माइकमध्ये करवत चालल्यासारखं ऐकू येतं. घामाच्या धारा, अंगभर लोकर, आणि ही वाचतेय. निघून गेलेला मुलगा कधीतरी येईल म्हणून दाराला कडी न लावता झोपणारी एक आई... आणि तुम्हाला खरं सांगतो, कुठल्या पानावर ते माहीत नाही, पण मी खाज विसरलो. घाम विसरलो. मेव्हणासुद्धा विसरलो.

पुस्तक गेलं. बाईंचा फोन आला. ‘ताई, मिक्सर नाही, कुत्रं नाही, अगदी स्वच्छ. फक्त तो मुलगा दारात उभा राहतो ना, तिथे मागे कुणीतरी मुसमुसतंय. काढून टाकू?’

ही माझ्याकडे बघत म्हणाली, ‘नको. राहू दे.’

आता नवं पुस्तक आलंय, विटेएवढं जाड. म्हटलं येऊ दे, रडायची सवय झालीय आपल्याला. उघडून बघतो तर पुस्तक विनोदी. पहिल्याच पानाला माझ्या हातातला चहा सांडला. आता उद्यापासून रोज दार बंद, पंखा बंद, ही वाचणार... आणि मी हसायचं नाही.