वनश्री लेआउटमधली ‘दादा’

मी, सौ. प्रेमिला चंपतराव ठवकर, वय ५७ वर्षे, धंदा घरकाम, राहणार वनश्री लेआउट, बेसा, नागपूर, मूळ गाव काटोल तालुक्यातले, आज पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, विचारल्यावरून जी हकीकत सांगते ती येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी व माझे पती चंपतराव असे दोघे खालच्या मजल्यावर राहतो. वरची खोली दोन वर्षांपासून अमानी नावाच्या मुलाला भाड्याने दिली आहे. तो टांझानिया या देशाचा असून इथे फार्मसी शिकतो. मला त्याचे वर्णन विचारण्यात आले. उंच आहे, चष्मा लावतो, आणि दुपारी माझे पती झोपलेले असले की जिना चढताना चपला हातात घेतो. रंगाचे वेगळे विचारले म्हणून सांगते, रंग काळा आहे. चपलांचे लिहिले नसेल तर तेही लिहावे.

आमच्या लेआउटच्या नागरिक समितीचे सचिव श्री. कृष्णकांत हरकरे यांनी अर्ज दिला आहे की, ‘दादा’ नावाच्या गुंडाने आफ्रिकन मुलांकरवी त्यांना धमकी दिली, नंतर लेआउटच्या मैदानात दहशत पसरवली, आणि विचारणा केली तेव्हा खऱ्या दादाला लपवून एका मुलीला पुढे केले. त्या दादाला मी ओळखते काय, असे मला विचारण्यात आले. होय, चांगलीच ओळखते. माझ्या ओट्यावर बसून तिने मेथी निवडली आहे.

हकीकत पोळ्याच्या आधीची आहे. आमच्या शेजारच्या पिंकीचा मुलगा गोलू दुपारी दिसेनासा झाला. पिंकीने रडून गल्ली गोळा केली. त्याच वेळी अमानी दुकानातून दुधाची पिशवी घेऊन येत होता. कोणीतरी ओरडले, “हाच घेऊन गेला असन!” बस, तेवढे पुरले. मी फाटकापर्यंत पोहोचले तोवर त्याचा चष्मा फुटला होता आणि मनगट मोडले होते. गोलू पलीकडच्या बांधकामावर वाळूच्या ढिगावर झोपलेला सापडला. सगळे आपापल्या घरी गेले. रस्त्यावर सांडलेले दूध मी धुतले.

कोणी अमानीची माफी मागितली काय, असे कोणी विचारलेले नाही, तरी सांगते. नाही मागितली. उलट त्याच आठवड्यात लेआउटच्या फाटकावर फलक लागला, ‘आफ्रिकन लोकांना येथे घर भाड्याने मिळणार नाही. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, ते लिहिले नव्हते. मार ज्याने खाल्ला, फलकही त्याच्यावरच. माझे डोके फिरले, पण मी काय करणार होते? जास्तीत जास्त हरकरे वहिनींना हळदीकुंकवाला बोलावले नसते.

अमानीने बॅग भरली. त्याच्या आईने फोनवर त्याला परत ये म्हणून सांगितले होते. हाताला प्लास्टर, म्हणून चेन लागेना. मी लावून देत होते आणि तो भिंतीकडे पाहत होता. तेव्हा वर एक मुलगी आली. अंगाने बारीक, वय सव्वीसच्या आसपास, नाव रेहेमा. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने बॅग पाहिली, चेन उघडली आणि एकेक कपडा पुन्हा खुंटीला लावला. अमानी तिला म्हणाला, “दादा, नको.” माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी विचारले, “हिले दादा काहून म्हणतेस गा?”

तेव्हा मला कळले. त्यांच्या बोलीत मोठ्या बहिणीला दादा म्हणतात. आणि भावाला काका! म्हणूनच माझ्या पतींना काका म्हण असे मी सांगितले की हा मुलगा दोन वर्षे लाजून हसत होता. तो त्यांना बाबाच म्हणतो. बाबा मात्र दोन्हीकडे बाबाच असतो.

आता धमकीबद्दल सांगते. दुसऱ्या दिवशी श्री. हरकरे फाटकाशी उभे राहून अमानीला खोली कधी सोडणार असे विचारत होते. मी तुळशीला पाणी घालत होते, सगळे ऐकले. अमानीची हिंदी कच्ची. तो म्हणाला, “दादा आएगा. दादा आपसे बात करेगा.” हरकरे पांढरेफटक पडले. त्यांची चेष्टा करायची नाही, माणूस वाईट नाही, माझ्या पतींना मध्यरात्री दवाखान्यात नेणारे तेच होते. पण दादा म्हटल्यावर आपल्या मनात जो उभा राहतो तोच त्यांच्याही मनात उभा राहिला, गळ्यात साखळी, मागे चार पोरे. अमानीला एवढेच म्हणायचे होते की माझी मोठी बहीण येऊन बोलेल. सख्खी नाही. सख्खी असती तरी वेगळे काही केले नसते.

त्यानंतर माझ्या जिन्यावर रोज संध्याकाळी चपला दिसू लागल्या. टांझानियाची, सुदानची, काँगोची, नायजेरियाची मुले-मुली. आपल्याला सगळी सारखी दिसतात, पण त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळे. आपसात भांडणेही होती. मी चहा द्यायच्या निमित्ताने वर जात असे आणि उंबऱ्यावरच थांबत असे. रेहेमाचा एकच नियम होता, जो बोलला नाही त्याने आधी बोलायचे. एक सुदानची मुलगी तीन बैठकींना तोंड मिटून बसली. रेहेमा तिच्याकडे पाहत थांबायची. सगळे थांबायचे. चौथ्या वेळी ती मुलगी जी बोलायला लागली ती थांबेना. मला शब्द कळला नाही, तरी माझ्या डोळ्यांना पाणी आले. मी इतकी वर्षे महिला मंडळात आहे. आम्हा बायांचे सहलीला रामटेकला जायचे की नाही हेही कधी ठरले नाही.

कॉलेजातून उशिरा येणाऱ्याच्या सोबतीला कोणी जायचे, दवाखान्यात कोणी थांबायचे, कोणाला खोली नाकारली तर तिथे बोलायला कोणी जायचे, हे सगळे त्यांनी वाटून घेतले होते. मोठा साहेब नाही, वर्गणी नाही, झेंडा नाही. परक्या गावात, कोणाची ओळख नसताना. मी थक्क झाले, आणि अजूनही आहे. हे जबाबात बसत नसेल, पण विचारले तर खरे तेच सांगावे लागते.

घटनेच्या रविवारी सकाळी ते लेआउटमध्ये आले. किती होते ते मोजले नाही, मैदान भरले होते. घोषणा दिल्या काय, असे विचारण्यात आले. नाही. हातात काठ्या होत्या काय? छत्र्या होत्या, ऊन होते. आधी ते दोन-दोन जण, एक मुलगा, एक मुलगी, असे प्रत्येक दारी गेले. मराठी पाठ करून आले होते. “नमस्कार. मी इथे शिकते. तुम्हाला आमची भीती वाटते का? कशाची वाटते?” एवढेच विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. वाद घालायचा नाही. काहींनी दार लावले. त्यांच्या दारालाही नमस्कार करून पुढे गेले.

मग मैदानात सगळे जमले, लेआउटची माणसेही तमाशा पाहायला आली. एकेक जण उभे राहून, घराचे नाव न घेता, काय ऐकले ते सांगू लागले. रेहेमा हिंदी करून सांगत होती. एक मुलगा म्हणाला, “एका घरी सांगितले की आम्ही शनिवारी गाणी मोठ्याने लावतो. हे खरे आहे. आम्ही नऊला बंद करू.” दुसरी म्हणाली, “एका घरी सांगितले की आम्ही माणसे खातो. हे खरे नाही.” कोणी हसले नाही. तिच्या आवाजात रागही नव्हता. माझ्याजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडावर ओढला, तेव्हा मला कळले ते कोणते घर. मग ती सुदानची मुलगी उभी राहिली. तिने आपली भीती सांगितली. म्हणाली, उन्हाळ्यात तहान लागली तरी मी या शहरात कोणाच्या दारी पाणी मागत नाही. आपल्या नागपूरच्या उन्हात!

एक तरुण मुलगा फलक उपटायला निघाला होता. रेहेमाने त्याला हाताने अडवले. म्हणाली, ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा, आपण हात लावायचा नाही. त्या मुलाच्या मुठी आवळल्या होत्या, तरी तो खाली बसला. ज्याला मारले तो अमानी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत बसला होता. मी हे डोळ्यांनी पाहिले.

तेवढ्यात श्री. हरकरे आले आणि ओरडले, “तुमचा दादा कोण आहे? समोर आणा त्याला!” सगळ्यांनी एकदम रेहेमाकडे बोट केले. ती पुढे आली आणि पाठ केलेल्या मराठीत म्हणाली, “नमस्कार. मीच दादा.” हरकरे म्हणाले, “मले येड्यात काढता काय?” आणि तसेच निघून गेले. ते घाबरले होते, हे मला मान्य आहे. पण घाबरवले कोणी नव्हते.

रेहेमावर गुन्हा नोंदला गेला तर तिला शेवटच्या परीक्षेआधी देश सोडावा लागेल, असे तिला कॉलेजातून सांगण्यात आले आहे. मी तिला म्हटले, “पोरी, चार दिवस कुठं तरी जाऊन राह्य ना वं.” ती म्हणाली, अर्जात दादाचे नाव आहे, तर दादानेच आले पाहिजे. ती सकाळपासून ठाण्याबाहेर लिंबाखाली बसली आहे. तिच्यासोबत बाकीचेही आहेत.

मी घरी बसू शकले नाही. काल पिंकीला सोबत घेतले आणि आम्ही दोघी दारोदार गेलो. मला दुसरे काही येत नव्हते, म्हणून रेहेमाचेच केले. विचारले आणि ऐकून घेतले. पिंकी प्रत्येक घरी रडली. “मीच कल्ला केला होता जी. पोरगं तर वाळूत निजून राहिलं होतं. त्याचं मनगट मोडलं ते माह्या कल्ल्यानं.” कोणी हो म्हटले, कोणी अंगावर आले. आज पिंकी व आमच्या लेआउटच्या काही बाया बाहेर बसल्या आहेत, त्यांचेही जबाब घ्यावेत. आणि हरकरे वहिनी आल्या आहेत. त्या काय सांगणार हे मला माहीत नाही, मी विचारलेले नाही. त्या रेहेमाच्या शेजारी बसल्या आहेत एवढे दिसते.

जबाब लिहून झाल्यावर महिला पोलीस अंमलदार मोनाली मॅडम यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मैदानात ‘जमाव’ जमला असे लिहिले होते. मी म्हटले, हा शब्द माझा नाही. मॅडम म्हणाल्या, कागदावर असेच लिहितात, पाच किंवा जास्त असले की जमाव. मी म्हटले, मग सही होणार नाही. त्यांनी विचारले, मग काय लिहू, विद्यार्थी? परदेशी? बाहेर कोणीतरी कोणाला तरी पाणी देत होते, खिडकीतून दिसत होते.

मी म्हटले, “माणसं लिहा ना, बाई.”

मॅडमनी जिथे जिथे जमाव लिहिले होते तिथे तिथे खोडून माणसे लिहिले आणि प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही घेतली. पुन्हा वाचून दाखवले. आता हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.