अकरावी नक्कल

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन. पुढे दिलेला संवाद गेल्या मार्गशीर्षात, पुणतांबा येथे, गोदावरीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका ओसरीवर सकाळच्या प्रहरी घडला. आमच्या नाट्यमंडळाचे लेखक रंभाजी, त्यांची शिक्षिका कन्या प्रज्ञा, आणि एके काळी आमच्या नाटकांत स्त्रीभूमिका करणारे गहिनीनाथ, या तिघांचे हे बोलणे आहे. पैकी दोघे पुरुष एकतीस वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. प्रस्तुत लेखक तेथे बसलेला होता. पदरचे काहीही न घालता तो हे सादर करीत आहे.

प्रज्ञा : चहा राहू द्या, काका. दहा नकला मिळाल्यात. अकरावी तुमच्याकडे आहे. ती मिळाली की बाबांचं नाटक पुरं होतं.

गहिनीनाथ : च्या पिल्याबिगर न्हाई. आन् नाटक तुज्या बापाचं हाय ना? मग बापाला बोलू दे. एकतीस वरसांनी या वसरीवर चढलाय आन् कौलं मोजीत बसलाय.

रंभाजी : मी कौले मोजीत नाही. शब्द जुळवीत आहे.

गहिनीनाथ : जुळवा, रंभाजीराव, जुळवा. तुमचं कामच हाय ते.

प्रज्ञा : काका, बाबांनी सात नाटकं लिहिली. सहा पुरात गेली. 'भिंत दोघांची' तेवढं उरलं, आणि तेही अकरा घरांत. ज्याच्या त्याच्या नकलेत त्याचीच वाक्यं, आणि आपली पाळी कळावी म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. नाटकातल्या आईची वाक्यं सगळी तुमच्या नकलेत. राहुरीला माझ्या शाळेतल्या मुली हे नाटक बसवणार आहेत. आईशिवाय कसं बसवणार?

गहिनीनाथ : अख्खं नाटक ज्या वहीत हुतं ती कुटं गेली, इचारलंस का बापाला?

प्रज्ञा : वाळवी लागली म्हणाले.

गहिनीनाथ : त्या वाळवीचं नाव रंभाजी. शेवगावची मंडळी आपलं नाटक उचलून त्यांच्या जत्रंत करनार, अशी कुनीतरी आवई उठवली. झालं. ह्यांनी नकला वाटल्या आन् वही चुलीत घातली. प्रयोगाच्या आदल्या दिशी.

रंभाजी : त्या काळी ती सावधगिरी आवश्यक होती.

गहिनीनाथ : मग शेवगावास्नं कोन आलं?

रंभाजी : कोणीही आले नाही.

प्रज्ञा : बाबा, लहानपणापासून मला वाळवी सांगत आलात.

गहिनीनाथ : सांगू दे. लिवतो चांगलं, ते कबूल करतो मी.

प्रज्ञा : ते नकला वाचून मलाही कळलं. सगळ्या साखर कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्यांच्या पाठीमागं. एक तर तुमच्या मंडळातल्या मापाडीकाकांनी, ते आता शेवगावला असतात, पेटीच्या तळाशी अंथरली होती. पण प्रत्येक माणूस निराळा बोलतो त्यात. कसं साधलंत, बाबा?

रंभाजी : काट्यावरची पाळी संपली की मी ज्याची भूमिका त्याच्या घरी जाऊन बसत असे. तो बैलाला काय म्हणतो, बायकोला काय म्हणतो, ते ऐकायचे. मग तेथेच लिहायचे. घरी बसून लिहिले की सगळी पात्रे माझ्यासारखीच बोलू लागत.

गहिनीनाथ : आन् तुज्यासारकं बोललं तर तिकीट कोन काढंल? ही घे नक्कल, पोरी. ज्या लुगड्यात आई उभी केली, त्याच्याच घडीत ठिवली हुती.

प्रज्ञा : शेवटचं पान बघते आधी. 'हे पुत्रांनो, ऐक्य हेच कुटुंबाचे खरे आभूषण होय...' अशा बारा ओळी आहेत. पण काका, धाकट्या मुलाच्या नकलेत या भाषणाचे शेवटचे शब्द पेन्सिलीनं खोडलेत, आणि वर लिहिलंय 'भिंतीवर बसून जेवते'. ते काय आहे?

गहिनीनाथ : तेच तर भांडान हाय आमचं. दोन भावांनी अंगनात भिंत घातली, आईला इचारलं, तू कुनाकडं ऱ्हाती? तितं ह्या बारा वळी म्हनायच्या हुत्या. मला एक आठवंना. पडद्यामागं बघितलं तर वाक्य सांगायला हा वाल्मिक हुबा. रिकाम्या हातानं. वहीच चुलीत गेली, तर सांगनार काय? मग तोंडाला आलं ते म्हनलो मी. हितंच बसलाय, इचार त्याला.

(वाल्मिकने मान डोलावली.)

रंभाजी : मी समजत होतो की तू माझे भाषण मुद्दाम टाकलेस. माझ्याहून मोठा होण्याकरिता.

गहिनीनाथ : लोकांनी मला खांद्यावर घेतलं, तुला न्हाई. ते लागलं तुला. खरं का न्हाई?

रंभाजी : खरे आहे.

गहिनीनाथ : मग एवढं म्हनायला एकतीस वरसं लावलीस व्हय रं, रंभ्या?

रंभाजी : लावली. आता ते वाक्य म्हण.

गहिनीनाथ : तू ऐकलंय की.

रंभाजी : रागाच्या भरात ऐकले होते. आज नीट ऐकतो.

गहिनीनाथ : 'माजी भाकर दोन्हीकडं थापा रं, बाळांनो. मी भिंतीवर बसून जेवते.'

प्रज्ञा : हे तुम्हाला ऐन वेळी सुचलं, काका?

गहिनीनाथ : सुचतंय कशाचं? आमी दोघं भाऊ येगळं निघालो तवा आई म्हनली हुती. ह्याच अंगनात. ती बघ भिंत, मिरच्या वाळत घातल्यात तिच्यावर. भाऊबी आता हिकडंच जेवतो, पर भिंत पाडायचं दोघांच्याबी जिवावर येतं.

रंभाजी : प्रज्ञा, या ओसरीवर याची नक्कल लिहिताना सहा महिने मी याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली. सगळ्यांचे ऐकून लिहिले. तिला मात्र एक शब्द विचारला नाही. आईचे भाषण घरी जाऊन, पुस्तके पुढे ठेवून लिहिले.

गहिनीनाथ : तुला वाटलं, अडानी बाई, ती काय बोलनार.

रंभाजी : होय. तसेच वाटले.

प्रज्ञा : मग शेवट कोणता घेऊ, बाबा? शाईचा की पेन्सिलीचा?

रंभाजी : पेन्सिलीचा.

गहिनीनाथ : आन् तुजं आभूषन?

रंभाजी : ते वहीबरोबर चुलीत जायला हवे होते, ते तेवढे तुझ्या लुगड्यात वाचले.

गहिनीनाथ : वाचलंय तर ऱ्हाऊ दे. अक्षर चांगलं हाय.

प्रज्ञा : अजून एक राहिलं. अकराही नकलांत तिला नुसतं 'आई' म्हटलंय. बाकी सगळ्यांना नावं आहेत. पात्रांच्या यादीत काय लिहू?

रंभाजी : गहिनी, सारे गाव तिला गहिनीची आई म्हणे. मीही तसेच म्हणत आलो. तिचे नाव काय होते?

गहिनीनाथ : ठकूबाई. सावकाश लिव, पोरी. लई दिसांनी घेतलंय मी बी.

वाचकांनी आपला बहुमोल वेळ खर्चून हा संवाद अखेरपर्यंत वाचला, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. त्या प्रयोगात मी रिकाम्या हाताने उभा होतो. आज माझ्या हातून एवढे लेखन घडले, यात मला समाधान आहे.

आपला नम्र,
वाल्मिक बनकर, पुणतांबा