अर्ध्या मिनटात सापडलं

—न्हाई, न्हाई, दाराला कुलूप हाय म्हणून माघारी जाऊ नका साहेब, बसा हितं ओट्यावर. नुजहत आईला घेऊन सारोळ्याला मामाकडं गेलीया, दुपारच्या एसटीनं येतील दोघी. म्या चंद्राबाई, शेजारची. भिंतीला भिंत हाय आमची — कान लावावा लागत न्हाई, आपोआप ऐकू येतं. पुण्याच्या कंपनीतले ना तुमी? बुटांवरनंच वळखलं.

कशाला आलाय तेबी ठावं हाय. चाचणीचं. म्या सातवी शिकलेली बाई, पण पोरीनं समजावलंय मला — कंपन्यांची सगळी माहिती जिथं साठवत्यात, ती कोठारं बांधणाऱ्यांचं तुमचं ते कंप्युटरमदलं अवजार. त्यात डाव्या अंगाला नावांची ही लांब यादी, एकाच्या पोटात एक, आन् हवं ते नाव शोधताना माणसं रडकुंडीला येत्यात. तिनं नवी मांडणी केली. आन् ज्याला कंप्युटर येत न्हाई त्यालाबी सापडलं तरच खरं, म्हणून बसवलं कुणाला? मला! पयल्या दिवशी चार मिनटं घाम गाळला, सापडंना. शेवटच्या दिवशी अर्ध्या मिनटात! तिनं घड्याळ बघून लिवलं, तुमाला धाडलं.

आन् आता तुमची शिकलेली पोरं दोन-दोन मिनटं चाचपडत्यात, म्हणून तुमी म्हणताय आकडे तिनं घरबसल्या रचले? व्हय ना? साहेब, पोरगी तसली न्हाई. जे झालं तेच लिवलं तिनं. खोटं — थांबा, च्या घ्या आधी, आलं घातलंय.

खोटं म्या केलं. गेलं आता तोंडातनं. तिची आई, खातून, भिंतीपल्याड रडत हुती — हे जमलं न्हाई तर पोरीची नोकरी गेली म्हणून. मला जेवण जाईना. ताक द्यायच्या निमतानं रोज जायची, आन् नुजहत नमाजाला उठली की कंप्युटरचा पडदा बघायची. उद्या कुठली नावं इचारणार त्याचा कागद तिथंच असायचा. कुठलं बारकं चिन्ह उघडायचं, त्याच्याखालचं कितवं नाव — पेनानं तळहातावर लिवून आणायची आन् घरी घोकायची. शाळेतबी येवढं घोकलं नव्हतं! म्या बिचकते म्हणून चाचणीला ती पाठमोरी बसायची. "मावशी, जमलं की वो आपल्याला!" म्हणून गळ्यात पडली. तवा सांगायला पायजे हुतं.

हे काय, मशीन का उघडताय? आत्ता? म्या? बरं, द्या... गिऱ्हाइकांचं नाव असलेलं शोधायचं. हे उघडलं... हे न्हवं... हे तर भलतंच. वरती ही मोकळी चौकट कशाची वो? हिच्यात दोन अक्षरं टाकली की नाव पुढ्यात येतं? हेच नवीन केलंय तिनं? आन् म्या इतके दिवस हिला हातच लावला न्हाई — मला वाटलं नुसती शोभेची पट्टी! काय लिवलेलंच न्हाई हिच्यावर, कळावं कसं माणसाला?

म्हंजी पयल्या दिवशीसारखीच शेवटपर्यंत चुकत बसले असते, तर तिला कळलं असतं. तिनं नीट केलं असतं.

लिवा साहेब. चंद्राबाईला सापडलं न्हाई, असं लिवा. किती मिनटं झाली तीबी लिवा.

आन् आता उठा. एसटी यायची वेळ झाली. तिला म्या सांगते — तुमच्यासमोर न्हाई. च्या राहू द्या तो. जावा.