गोष्टवाल्या बाई

नाही जी, प्रसाद-बिसाद काही नाही तो, साधे तांदूळ आहेत, आमच्या घरच्या डब्यातले. नात मुठीत घेऊन घरी आली म्हणून विचारायले आल्या ना? वाटलंच मले. चिन्मयीची आजी म्हणजे रंभाबाई तुम्ही, नाव सांगते ती. बसा. खाली नको, गुडघे धरतील, या स्टुलावर बसा. तिले पाहू द्या तिकडे चित्रं, बाकीची मुलं यायची आहेत अजून. तर तांदूळ — म्हणजे असं आहे, आमचं हे दुकान ख्रिस्ती पुस्तकांचं. धर्माची पुस्तकं, गाण्याची पुस्तकं, भिंतीवरची कॅलेंडरं — घ्यायले येते कोण? चर्चमधले दोन म्हातारे, अन् डिसेंबरात थोडी गर्दी. मंग आमचे हे — ते काउंटरवर बसले ना, विश्वनाथ, ते — हे म्हणाले, शनिवारी मुलांले गोष्टी सांगू. मुलं आली की आईबाप येतील, सगळ्या धर्माचे येतील, एखादं पुस्तक घेतील. बोर्ड लावला. गोष्ट सांगायची कोणी? मीच. बालवाडीत जन्म गेला माझा, दुसरं आहे कोण.

आली मुलं. पण बसतात कुठे जी! एकाचा हात दुसऱ्याच्या केसात, दुसऱ्याचा पुस्तकात — नवीन पुस्तकाची पानं टराटरा. मंग मले आमच्या लहानपणच्या शेजारीणबाई आठवल्या, मीराबाई. श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचत अन् आम्हा ख्रिश्चन पोट्ट्यांले भी बसवत, हातात तांदळाचे चार दाणे देऊन. मूठ मिटायची, कहाणी संपेपर्यंत उघडायची नाही. तुम्हाले काय सांगायचं, तुम्ही तर करतच असाल. म्हटलं, आपण भी देऊ. मूठ मिटली की पोरगं आपोआप बसते जी. मेंढपाळाची गोष्ट असो का मोठ्या पुराची, आवाज नाही कोणाचा. मंग लागले लोक बोलायले. चर्चमधल्या बाया म्हणे, प्रेमलताबाई, अक्षता काहून वाटून राहिल्या? अन् तुमच्यातल्या दोन आया म्हणे, ह्या बाईनं मुलांच्या हातात काय मंतरून दिलं? त्यांनी पाठवणंच बंद केलं. तेच तांदूळ बापा, इकडे भी खुपले, तिकडे भी खुपले. हसू यायले पाहिजे होतं मले. नाही आलं. मी आपली देतच राहिली.

तुम्हाले राग नाही आला? बरं वाटलं म्हणता. घरी तुमच्यापुढे मूठ मिटून बसते, आजी कहाणी सांग म्हणते — हो? असं करते? मले माहीत नव्हतं. इथे तर अर्ध्या गोष्टीतच दोन दाणे तोंडात घालते, कचाकचा. मी पाहून न पाहिल्यासारखं करते. खोड आईची आहे ती, सुरुची भी अशीच — मूठ उघड म्हटलं की रिकामी, अन् गालात तांदूळ —

नाही, म्हणजे आया सांगतात ना काही-बाही, तसंच ऐकलं असेल कुठे. हो, बरोबर आहे तुमचं, तुमची सून तर आत येतच नाही, बाहेर स्कूटीवर बसून राहते, मंग मले कोण सांगणार. असं पाहू नका जी. लहानपणी मीच बसवत होती तिले, अशीच मूठ मिटून. माझीच लेक आहे ती.

काय? तुमच्या घरी आई वारली म्हणते ती? कशानं वारली म्हणते? तापानं. बरं. अन् बाप? बापही नाही. चुकीचं नाही सांगितलं तिनं. तुमच्या ऋषीशी लग्न केलं तेव्हा ह्यांनीच आधी म्हटलं होतं, आमची मुलगी मेली. ताटावर बसून म्हटलं, अन् मंग जेवले. तिनं तिकडे आम्हाले मारलं. फिटंफाट झाली. नाही जी, रडत नाही मी, सुरुवातीले रडली. आता दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं आहे — ओठ आपला आहे का दुसऱ्याचा, कळत नाही. जेवते, झोपते, दुकानात बसते.

अन् मंग मागच्या दिवाळीनंतर एका शनिवारी दारात एक पोरगी उभी. नाव काय तर चिन्मयी म्हणे. बाहेर पाहिलं तर स्कूटीवर सुरुची, तोंड रस्त्याकडे. बोर्ड वाचला असेल तिनं जाता-येता. मी पोरीले आत घेतलं. तेव्हापासून दर शनिवारी आणते, घेऊन जाते, एक शब्द नाही. ह्यांले माहीत नाही, हळू बोला जी. नजर गेली आहे अर्धी, सगळ्यांले बुकमार्क देतात तसा तिले भी देतात. कोणाची आहे वं ही, गोड आहे, म्हणतात. मी म्हणते, इतवारीतल्या भांडेवाल्याची. खोटं नाही ना, ऋषीचं दुकान भांड्यांचंच. ह्यांनी गोष्टी सुरू केल्या लोकांची मुलं यावी म्हणून. आली तर ठीक, नाही आली तर ठीक. मी एकीची वाट पाहते.

म्हणून हात जोडते, तुम्हाले कळलं हे सुरुचीले कळू देऊ नका. तुमच्यासमोर खोटी पडली की ती इकडे फिरकणार नाही, ओळखते मी तिले. शनिवार बंद होईल माझा. अन् ह्यांले कळलं तर हे बोर्डच काढतील.

चिन्मयीच्या वाढदिवसाले? मी? गुरुवारी — तेच सांगायले आल्या होत्या होय, अन् मी आपली तांदूळच घेऊन बसली. चिन्मयीनं हट्ट धरला का, बाई पाहिजेच म्हणून. घरीच आहे. तिच्या घरी. किती खोल्या आहेत जी — नाही, राहू द्या. सुरुची काय म्हणाली? नाही, खरं सांगा. 'त्यांले कशाले बोलावता' म्हणाली. दोनदा म्हणाली? हं. मंग बरोबर आहे तिचं. पोरगी आणून सोडते, तेवढं तिच्याकडून आहे. बोलावणं तिच्याकडून नाही.

तुम्ही चांगल्या आहात, पण नको. हळूच कानात भी नका सांगू तिले. आजी आहे तिले, तुम्ही आहात. मले बाईच म्हणू द्या, बाई म्हणून तरी येते. घरी सांगा, बाईले गुरुवारी वेळ नाही. गुरुवारी इथे कुत्रं फिरकत नाही, तरी सांगा.

आली वाटते मुलं. उठा जी आता. नाही, आत नाही थांबता येत — आया बाहेर थांबतात. तुम्ही भी बाहेरच थांबा.