आईचं उत्पन्न

खिडकीतल्या बाई : काका, अर्ज उगाच नाही परत आला. तुमच्या घरचं उत्पन्न मर्यादेपेक्षा सात हजारांनी जास्त आहे. मुलीची फी माफ होणार नाही.

किल्लीवाला : जास्त? अहो, मी किल्ल्या बनवतो, तिजोऱ्या फोडत नाही!

लेक : बाबा, हळू. रांग ऐकतेय.

किल्लीवाला : ऐकू दे. यातल्या निम्म्यांची कुलपं मीच उघडलीत. दार अडकलं की हातापाया पडतात, उघडलं की घासाघीस करतात. त्यातून कसलं आलंय उत्पन्न?

बाई : तुमचं कमीच आहे. खालची ओळ बघा. आईचं उत्पन्न, शिवणकाम. ते तुमच्याहून जास्त आहे.

किल्लीवाला : होतंच जास्त. लपवायचं कशाला?

बाई : होतं की आहे?

(किल्लीवाला चष्मा काढून पुसत राहतो.)

लेक : आईला जाऊन अकरा महिने झाले, मॅडम.

बाई : अगं बाई! मग हे लिहिलं कुणी?

लेक : बाबा, तुम्ही तर म्हणालात, अर्ज चोख भरलाय, तू बघू नकोस!

किल्लीवाला : चोखच भरलाय. मागच्या वर्षीचा तिच्या हातचा अर्ज समोर ठेवला आणि ओळीला ओळ उतरवली. किल्लीवरून किल्ली काढतो तशी. एक खाच इकडची तिकडे नाही.

बाई : पण काका, मागच्या वर्षीचा अर्जही नामंजूरच झाला होता.

किल्लीवाला : म्हणजे न लागणाऱ्या किल्लीवरून किल्ली काढली म्हणता?

बाई : मी कुठे म्हणतेय? संगणक म्हणतोय.

किल्लीवाला : तेव्हा मी तिला सांगत होतो, तुझं जरा कमी लिही. ऐकेल तर शपथ. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याहून जास्त कमावलंय, सरकारलाही कळू दे.

लेक : आणि मग माझ्या फीसाठी चाळीस गणवेश जास्तीचे शिवले.

बाई : यंदा सोपं आहे. मृत्यूचा दाखला जोडा, तिच्या कमाईच्या रकान्यात शून्य लिहा. आज शेवटची तारीख आहे, खिडकी पाचला बंद होते.

किल्लीवाला : दाखला पाकिटात आहे. शून्य नाही लिहिणार. तिच्यापुढे शून्य? तिचं मशीन अजून जागेवर आहे. दर रविवारी तेल घालतो मी.

बाई : मशीन कमावतं का, काका?

किल्लीवाला : नाही. नुसतं तेल पितं.

लेक : बाबा, आईने कमावलेलं कधी लपवलं नाही. मग न कमावलेलं दाखवलेलं तिला चाललं असतं?

किल्लीवाला : अगदी तिच्यासारखी बोलतेस. समोरच्याला पळायला वाटच ठेवत नाहीस.

लेक : आणि यापायी माझं कॉलेज सुटलं असतं, तर ती कुणाला ओरडली असती?

किल्लीवाला : मलाच. चूक कुणाचीही असो, मलाच.

बाई : पाचला चार मिनिटं आहेत.

किल्लीवाला : द्या ते पेन. तिचं नाव खोडायचं नाही ना?

बाई : नाही हो. आईचं नाव राहतं.

किल्लीवाला : मग ठीक आहे... हं. घ्या.

बाई : काका, केवढं हे शून्य! पार रकान्याबाहेर गेलंय.

किल्लीवाला : तिच्या कमाईच्या जागी आहे, बाई. लहान कसं काढू?