नाड्याखालची शिवण

माझं माहेर सिद्धेश्वर धरणाखालचं. धरणाचं पाणी कुठं कुठं जातं, आमच्या गावाला नुसता त्याचा आवाज येतो, असलं ते गाव. बाप मासे धरायचा, माय ते टोपल्यात घेऊन औंढ्याच्या बाजारात बसायची, आन मला त्या वासाचा असा तिटकारा की सातवीत असतानाच ठरवलं, ज्याचा हाताला वास लागत न्हाई असलंच काम करायचं. मग औंढ्यात एका बाईकडं शिलाई शिकले. बाई लई कडक, टीप एक सूत तिरपी गेली की सगळी उसवायला लावायची, तुझी घाण तूच काढ म्हणायची. तवापासून मी लग्नाच्या मांडवात बसले तरी नवरीचं तोंड पाहत न्हाई, तिच्या ब्लाउजची बाही पाहते, आन बाह्या काय पाहण्यासारख्या नसतात, काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन वारंगा फाट्यावर आले. प्रज्ञाचे पप्पा, म्हणजे आमचे मालक, त्यांचं रस्त्याला लागून पंक्चरचं दुकान, आन त्याच टपरीत पडदा लावून मागच्या अंगाला माझं लेडीज टेलर. पुढं ट्रकचे टायर, मागं बायांचे ब्लाउज आन परकर. फाट्यावर येणारा जाणारा थांबतोच, त्यामुळं कुठल्या कुठल्या गावच्या कंबरा माझ्या टेपखालून गेल्या म्हणा. परकराचा नेफा, ज्याच्यातून नाडा जातो तो, नुसता हातात धरला की मी सांगते ही बाई कुठं बांधते. कोणती बेंबीच्या वर बांधते, कोणती खाली, कोणती नवरा गावाला गेला की वर आन आला की खाली. हे सगळं मला ठावं हाय. हे तुमी लिवा न लिवा.

तर माझ्या पोटाचं सांगून राहिले. प्रज्ञाच्या वक्ताला दीड दिवस कळा दिल्या आन लेकरू काई सरकंना, तवा एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरचं नाव सांगत न्हाई, नाव सांगावं असलं त्यानं कामच केलं न्हाई. त्याला कोणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. सिझरसाठी माझं कंबरेखालचं बधिर केलेलं, पण कान तर बधिर न्हाई ना केले, मी पडल्या पडल्या सगळं ऐकून राहिले, तो फोनवर विचारायचा, वरात निघाली का, जेवणावळी बसल्या का. पोरगी चांगली निघाली, आवाज असा की वरातीपर्यंत गेला असंल, त्याबद्दल मी त्याला कधी नावं ठेवली न्हाईत. पण टाके निघाल्यावर आरसा धरून पाह्यलं तर शिवण आडवी हाय, पण कशी आडवी, डावीकडं खालून निघाली आन उजवीकडं चांगली तीन बोटं वर चढली, आन चढून बसली ती नेमकी नाड्याच्या जागी. असला परकर मी कोणाला दिला असता तर गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकला असता. पण बाईच्या पोटाची तक्रार घेऊन जाणार कुठं, लेकरू धडधाकट हाय ना, मग चला म्हणतात.

मग पोरगा झाला. त्या वक्ताला दुसऱ्या डॉक्टरनं तीच शिवण उसवली आन तिथंच परत शिवली. उसवलेल्या जागी परत शिवलं की कापड गोळा होतं, तसं ते झालं, दोरीसारखा जाड वळ, आन त्याच्यावरून पोट लोंबायला लागलं झालरीसारखं. आता मशीनवर बसणारी बाई मी. सकाळपासून पुढं वाकून बसायचं, पोटाची घडी पडायची, घडीत घाम, घामात तो वळ, आन वळावर नाडा. उन्हाळ्यात कातडी सोलून निघायची, पाणी सुटायचं. नाडा वर बांधला तर परकर सुटतो, खाली बांधला तर पोटाच्या वजनानं ओढतो. इलॅस्टिक घालून पाह्यलं, त्यानं गोल वळ उठवला. मॅक्सी घातली तर लोक म्हणले, टेलरबाई आजारी हाय का. वीस वर्षं मी बायांच्या कंबरेला बराबर बसणारे परकर शिवले आन माझ्या स्वतःच्या कंबरेला एक बसंना.

मलम देणारे काय कमी भेटले. एकानं पिवळं दिलं, एकानं पांढरं दिलं, दोघांनीबी माझं पोट न पाहता दिलं, टेबलाच्या पल्याड बसून, कोरडं ठेवा म्हणले. कोरडं ठेवा. वैशाखात वारंग्याला पत्र्याच्या टपरीत बसून कोरडं कसं ठेवायचं ते बी चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं.

शेवटी माझ्या एका गिऱ्हाइकानं, सिस्टर हाय ती, तिनं सांगितलं की नांदेडला प्लास्टिक सर्जन हाय, बाई हाय, लोंबलेलं पोट काढून नीट करून देते, जुनी शिवण बी त्याच्यात निघून जाते. मी घरी आले आन सांगितलं. प्रज्ञाचे पप्पा म्हणले, कशाला, माझी काई तक्रार हाय का. मी म्हणलं, पोट तुमचं हाय का. मग ते टायर ठोकायला गेले. पण आमची नणंद, अक्का, ती गप बसणारी न्हाई. ती चहा प्यायला म्हणून आली आन चहा निवून गेला तरी बोलूनच राहिली. या वयात पोट उतरवून घेते म्हणे, कोणाला दाखवायचंय, हिरॉईन व्हायचंय का. आन ज्या जागेतून लेकरं निघाली ती जागा कापून फेकायची, मायची खूण हाय ती, म्हणून डोळ्याला पदर. मी म्हणलं, अक्का, माझ्या मायपणाची खूण तिकडं कॉलेजात शिकून राहिली हाय, फोन लावून देऊ का. अक्काला दुसऱ्याच्या पोटाचा एवढा लळा, की तेवढा तिला स्वतःच्या लेकरांचा बी कधी लागला न्हाई.

नांदेडची डॉक्टरीण बाई पोरसवदाच होती. पहिल्यांदाच मला कोणी उभं करून, बसवून, वाकवून पाह्यलं. ती म्हणली, पोटाचे स्नायू मधून फाकलेत, ते आतून टाके घालून जवळ आणीन. वरचं सैल कातडं कापून काढीन, बेंबीला नव्या कातड्यात नवीन जागा करीन. मी मनात म्हणलं, म्हणजे नवं काज. मग म्हणली, शिवण मिटणार न्हाई बरं का मावशी, कोणी मिटते म्हणलं तर खोटं बोलतो. जुनीपेक्षा लांब होईल, ह्या हाडापासून त्या हाडापर्यंत. फक्त कुठं ठेवायची ते आपल्या हातात हाय, आपण ती बिकिनी लाईनच्या आत ठेवू. बिकिनी मी पाह्यलेली हाय, ट्रकवाल्यांच्या केबिनमध्ये क्यालेंडर असतात त्याच्यावर. मी म्हणलं, बाई, आमच्या फाट्यावर ती क्यालेंडरवालीच घालते, बाकी आमी सगळ्या नाडा बांधतो, तुमी नाड्याचा हिशोब करा. ती हसली, म्हणली पुढच्या वक्ताला तुमी रोज घालता ते कपडे घेऊन या, त्याच्यावर खूण करू.

आता टेलरला कोणी खूण करायला सांगितलं तर ती काय डॉक्टरवर सोडंल. ज्या दिवशी जायचं त्या सकाळी मी पडदा ओढला, आरशापुढं उभी राहिले, नाड्याचा काळा पडलेला वळ पाह्यला, त्याच्या खाली चार बोटं मोजली, आन टेप धरून रेघ मारली. माझा खडू घामानं पुसून जायला लागला, म्हणून प्रज्ञाचे पप्पा टायरवर खूण करतात तो पिवळा खडू घेतला. तो काई केल्या जात न्हाई. काय सरळ रेघ आली होती. पिशवीत पाच परकर भरले आन बसमध्ये अशी बसले, जशी काई आता मीच जाऊन ऑपरेशन करणार हाय.

डॉक्टरीणबाईपुढं पदर बाजूला केला आन म्हणलं, घ्या, तुमचं काम मी करून आणलं, ह्या रेघेवर कापा. तिनं दोन्ही हातानं माझं पोट धरलं आन वर ओढलं. आन काय सांगू तुम्हाला, ती पिवळी रेघ तिच्या हातासंगं चढत चढत वर आली आन थेट नाड्याच्या वळावर येऊन बसली. परत सोडलं, खाली गेली. परत ओढलं, नाड्यावर. मग म्हणली, मावशी, लोंबत्या कापडावर खूण करता का तुमी?

जगाच्या शिवणींवर हसणारी मी, आन कापड न ताणता रेघ मारून आले होते, तेबी माझ्या स्वतःच्या अंगावर. ती रेघ धरून कापलं असतं तर परत वळ नाड्याखालीच, परत तोच घाम, तेच पाणी, आन त्या लग्नाला गेलेल्याला नावं ठेवायलाबी तोंड राहिलं नसतं. शिकाऊ पोरगी असती तर मी तिला दुकानातून हाकलली असती. स्वतःला कुठं हाकलणार.

मग तिनं मला परकर नेसायला लावला, मी रोज बांधते तसा, माझ्याच हातानं. स्टुलावर मशीनपुढं बसल्यासारखं बसवलं. मग उभी केली, म्हणली आता तुमीच धरा पोट, जेवढं वर ओढता येईल तेवढं ओढा. मी ओढून धरलं, तिनं पेन घेतला आन खाली, चांगली खाली रेघ मारली, मधे खाली आन दोन्ही बाजूंनी थोडी वर जाणारी. मी टेप काढली. दोन्हीकडून मोजलं. एक सूत फरक न्हाई. मी म्हणलं, मारा टीप.

ऑपरेशनचं काय सांगायचं, मी झोपलेली. नंतर पंधरा दिवस मी अशी वाकून चालले, जशी काई जमिनीवर पडलेली सुई शोधून राहिले. दोन बाजूंना नळ्या, वरून घट्ट पट्टा. अक्का पाहायला आली, म्हणली म्हातारी करून आणली गं हिला. मी वाकलेली होते म्हणून तिला माझं तोंड दिसलं न्हाई, बरं झालं. डॉक्टरीणबाईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, आमी उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत देतो, तुमची काय पद्धत हाय. ती म्हणली कापड न्हाई देता येत, फोटो दाखवते. पाह्यला. मोठी फोड होती कलिंगडासारखी, आन तिच्या मधोमध ती जुनी तिरपी शिवण, मेली तरी तिरपीच. मी म्हणलं, पुसून टाका.

वर्ष झालं आता. शिवण आधी लाल होती, मग जांभळी, आता फिकी पडून राहिली. उजव्या टोकाला हरभऱ्याएवढी चुणी राहिली, ती डॉक्टरीणबाईंनी स्वतःच कबूल केली, म्हणून मी माफ केली. औंदाचा वैशाख मी टपरीत बसून काढला, नाडा बांधून, बेंबीखाली, बराबर माझ्या जागी, आन नाड्याखाली नुसती कातडी, कोरडी. पहिले चार दिवस हात आपोआप परकर सैल करायला जायचा आन तिथं काई नसायचं.

प्रज्ञाच्या पप्पांनी शिवण पाह्यली, त्यांना त्याच्यातलं काय कळतं, लीक न्हाई ना होत म्हणले. अक्का अजून मागं लागून राहिली, दाव म्हणून. तिला तर मी जीव गेला तरी दावणार न्हाई. पण मला आता एकच तकलीफ हाय. एवढी सरळ शिवण आमच्या फाट्यावर कोणाच्या अंगावर न्हाई, कपड्यावर न्हाई, आन ती पडली अशा जागी की कोणाला दाखवायची सोयच न्हाई. ब्लाउजची असती तर दुकानापुढं टांगली असती. म्हणून तुम्हाला सांगून राहिले. त्या डॉक्टरीण पोरीच्या हाताला असंच यश येत राहो. आन तुमी एवढंच लिवा, का ती सरळ हाय, दोन्हीकडून टेप लावून मोजलेली हाय. पाह्यली असं मात्र लिवू नका. तुमी पाह्यली न्हाई, आन पाहणार बी न्हाई.