पाण्याची पाळी कुणाची?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय धनाजीराव साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती बिरुदेवमामा, पहिल्या रांगेत बसलेल्या तानाबाई मामी, आणि कालव्याची कामं उरकून सोलापूरपर्यंत आलेले माझे सर्व सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कालव्याच्या माणसाला एकदम गेट बंद करायला सांगू नये, एवढं नम्रपणे सुचवून सुरुवात करतो.

मामांनी तेहतीस वर्षं पाटकरी म्हणून काम केलं. कुणाच्या शेताला पाणी कधी द्यायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांच्या हातात. अशा माणसाला शत्रू किती असायला हवेत? पण बाहेर चपला बघा. दार लावायला जागा नाही.

मी शाखा अभियंता म्हणून जेऊरच्या बाजूला गेलो तेव्हा मामा चौकीवर होते. धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरत. पाणी किती हटलं की ते येतात, हे मामा बोटांवर सांगत. मला पाखरांचा नाद त्यांनीच लावला. दुर्बीण तेवढी माझी. दर उन्हाळ्यात ते विचारायचे, "सायेब, हितनं उडाली की ही कुटं जात्यात?" मी म्हणायचो, समुद्राकडे. "बगितलंय का तुमी?" बघितलं नव्हतं की हो. म्हणून आठ वर्षांपूर्वी आम्ही सातजण कोकणात, खाडीकाठच्या एका पक्षी अभयारण्यात गेलो.

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. प्रत्येक पार्टीत मीच ती सांगितली आहे. आम्ही बांधावर उभे होतो, समोर मैलभर ओला चिखल आणि त्यावर पाखरंच पाखरं. मामांनी सवयीनं चिखलात एक काडी रोवली. थोड्या वेळानं काडी चार बोटं बुडाली आणि मामा ओरडले, "पाणी सोडलंय! पाण्याची पाळी कुणाची हाय?" अभयारण्याच्या मार्गदर्शक बाई हसून म्हणाल्या, "काका, हे धरण नाही. भरती आहे. पाळी चंद्राची." झालं. तेव्हापासून मामा ऑफिसात दिसले की कोणी ना कोणी विचारतंच, "मामा, आज पाळी कुणाची?" आणि मामाही हसतात.

गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. उरलेली आज सांगतो.

मामा ओरडले तेव्हा मी बांधावर नव्हतो. शिट्टी वाजली की परत फिरायचं, बांधाखाली उतरायचंच नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण दूरवर रोहितांचा थवा होता आणि माझ्या गळ्यात नवी दुर्बीण होती. सगळ्यांची नजर चुकवून मी दोनशे पावलं आत गेलो होतो. शिट्टीही ऐकली होती. म्हटलं, पाणी समोरून येईल, दिसेल तेव्हा निघू. आयुष्यभर पाण्याचे हिशेब केलेला मी अभियंता. पाणी माझ्या पाठीमागच्या चरांमधून आलं.

बाकीचे हसत हसत गाडीकडे वळले होते, तेव्हा मामा एकटे चिखलात उतरले होते. चर कसा भरतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. गुडघाभर चिखल तुडवत ते माझ्यापर्यंत आले आणि मनगट धरलं. "दुर्बीण ऱ्हाऊ द्या सायेब, पाय उचला." शेवटचा चर ओलांडताना पाणी माझ्या छातीला लागलं. मला पोहता येत नाही. मामांनाही येत नाही, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

गाडीत ते माझ्या कानाशी एवढंच म्हणाले, "घरी सांगू नका. वैनी भितील." मी घरी सांगितलं नाही, बरोबरच्यांनाही बांधावरून पाय घसरला एवढंच सांगितलं. ऑफिसात मात्र तुम्हाला हसवणारा भाग तेवढा सांगत राहिलो. माझी चूक झाकायला मला मामांची चूक फार सोयीची पडली. मामांनी आठ वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. तानाबाई मामी, तुमच्याही आत्ताच कानावर पडतंय, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. त्या दिवशी तुमचे मालक अनवाणी घरी का आले, त्याचं कारण मी आहे. चपला तिथंच चिखलात राहिल्या.

आणि भरतीच्या पाण्यावर ते रोहित उठले, तेव्हा आम्ही दोघं बांधावर कुडकुडत बसलो होतो. मामा म्हणाले, "हितं येत्यात व्हय. बरं झालं, कळलं."

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं ते पदरात घ्यावं. पण मामा, त्या अर्ध्या गोष्टीची माफी मी सभेकडे मागत नाही, तुमच्याकडे मागतो. तुम्ही विचारलं होतंत, पाळी कुणाची. माझी होती, मामा. उत्तर द्यायला आठ वर्षं लागली.